कडवा मळ्या

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाच्या बोर्डावर नाव कुणाचंही असो, विभाग चालवायचे वैजनाथ. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, शिक्षण नववी नापास. झुरळाची चेतासंस्था न तुटता बाहेर काढून दाखवायची वेळ आली की आम्ही एम.एस्सी. झालेली मंडळी दोन पावलं मागे सरकायचो आणि त्यांना हाक मारायचो. मी हेमा, तिथे एकतीस वर्षं शिकवलं. शनिवार पेठेतली आहे, फटकळ आहे, आणि हे लिहितेय ते त्यांचं कौतुक करायला नाही. कौतुक करायचं तेव्हा केलं नाही, आता कुणाला हवंय?

वैजनाथ कसब्यातल्या भोयांच्या घरातले. आजोबा मुठेत जाळं टाकायचे, वडीलही टाकायचे. पानशेतच्या पुरात होडी गेली आणि वडील मंडईत हमाली करायला लागले. पण घरातलं माशांचं शहाणपण काही पुरात गेलं नाही. नदीत मळ्या म्हणून एक मासा असतो. बोटाएवढा, हनुवटीखाली चकती असते, तिनं दगडाला चिकटून राहतो. पुस्तकात तो एकच. वैजनाथांच्या आईच्या टोपलीत मात्र दोन होते: साधा मळ्या आणि कडवा मळ्या. एक जरी कडवा आमटीत पडला तरी पातेलंभर आमटी फेकून द्यावी लागायची. म्हणून ती माउली निवडताना प्रत्येक माशाच्या हनुवटीवरून अंगठा फिरवायची. चकती खरखरीत लागली की मासा बाजूला.

हे वैजनाथांनी त्र्याऐंशी साली आमच्या विभागप्रमुखांना, दिगंबर सरांना सांगितलं. म्हणाले, "सर, हे दोन वेगळे मासे आहेत. पुस्तकात चुकलंय."

सर म्हणाले, "वैजनाथ, पुस्तक दुरुस्त करायला आईची आमटी चालत नाही."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा, चांगली खो खो हसले.

वैजनाथ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढची तीन वर्षं दर रविवारी ते विठ्ठलवाडीपासून ओंकारेश्वरापर्यंत नदीत उतरले आणि तेवीस कडवे मळ्या जमवले. प्रत्येकाला वेगळी बाटली, आत स्पिरिट, बाहेर चिठ्ठी: तारीख, जागा, पाणी किती खोल, दगड कसला, बाटलीत द्रव कोणता. अक्षर असं की आमच्या मुलांनी बघून लाजावं. कुणीतरी जाणता येईल, बघेल, सांगेल की वैजनाथ बरोबर होता, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. पगार वाढावा असं कधी म्हणाले नाहीत. फक्त त्या माशाला त्याचं स्वतःचं नाव मिळावं.

आता माझ्या करणीकडे येते.

स्पिरिट म्हणजे दारूचीच बहीण. त्याला परवाना लागतो, नोंदवही लागते आणि उत्पादन शुल्क खात्याचा माणूस कधीही येऊन बाटल्या मोजू शकतो. ब्याण्णव साली ती वही माझ्याकडे आली. मोजलं तर दोन लिटर कमी. कुठे गेलं? माझ्या मनानं पटकन उत्तर दिलं, आणि ते उत्तर कुठून आलं हे मला नीट माहीत आहे. शिपाई माणूस, रोज स्पिरिटच्या कपाटाची किल्ली कमरेला. आणखी काय पाहिजे? एकाही शब्दानं विचारलं नाही. विचारायचं धैर्य नव्हतं म्हणा किंवा विचारायची गरजच वाटली नाही म्हणा. मी फक्त फर्मान काढलं: सगळ्या बाटल्यांतलं स्पिरिट काढा, फॉर्मालिन भरा.

वैजनाथ दारात उभे राहिले. "मॅडम, माझ्या तेवीस तरी राहू द्या. फॉर्मालिननं मासा लाकडासारखा होतो. उद्या कुणाला तपासायचा झाला तर?"

"कोण येणार आहे तपासायला? तुमचे मासे बघायला लंडनहून माणूस येतोय का?"

त्यांनी मान खाली घातली. दोन दिवस बसून स्वतःच्या हातानं तेवीस बाटल्या बदलल्या. नाक-डोळे लाल झाले होते फॉर्मालिननं.

तीन वर्षांनी मी पुन्हा बाटल्या बघितल्या. फॉर्मालिनही उतरलं होतं! झाकणं जुनी, घासून बसणारी, त्यांतून वाफ निघून जात होती. आता फॉर्मालिन काही कुणी पीत नाही. म्हणजे स्पिरिटही असंच उडालं होतं, आणि मी एका सरळ माणसाला मनातल्या मनात चोर ठरवून मोकळी झाले होते. मला लाज वाटली, अगदी खरी लाज. पण जाऊन माफी मागावी एवढी नाही. मनात म्हटलं, त्यांना कुठे माहितीये मी काय समजले होते ते.

पुढे काळ बदलला. विमान नगरपासून हिंजवडीपर्यंत काचेच्या इमारती उठल्या आणि आमच्या कॉलेजला साक्षात्कार झाला की बेडूक कापून कुणाचं भलं होत नाही. दोन हजार एक साली आमचा संग्रहालयाचा हॉल कॉम्प्युटरच्या वर्गाला गेला. सांगाडे, साप, शिंपले, सगळं जिन्याखाली. वैजनाथांना कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी स्टूल दिलं. काम काय, तर मुलं चपला बाहेर काढतात की नाही ते बघायचं. तरी मधल्या सुट्टीत माणूस जिन्याखाली जाऊन बाटल्या पुसायचा. "काय वैजनाथ, मासे काय म्हणतायत?" असं पोरं विचारायची. ते म्हणायचे, "चपला काढा म्हणतायत."

दोन हजार आठ साली वरद आला. आमचाच विद्यार्थी, आता शहरातल्या एका संशोधन संस्थेत. महाराष्ट्रातल्या सगळ्या नद्यांतले मळ्या गोळा करून, त्यांचे डीएनए वाचून, कोण कुणाचा चुलत आणि कोण कुणाचा सख्खा, अशी त्यांची वंशावळ तो बांधत होता. वैजनाथांना त्यानं समजावून सांगितलं, पण फार इंग्रजी मिसळून. मग मी म्हटलं, थांब, मी सांगते.

"वैजनाथ, आपण जर्नल्स तपासायचो, आठवतंय? दोन मुलांच्या वहीत एकाच जागी एकच चूक सापडली की कळायचं, दोघांनी एकाच वहीवरून उतरवलंय. तसंच आहे हे. पिढ्यान्‌पिढ्या डीएनएची अक्षरं उतरवली जातात, उतरवताना चुका होतात आणि त्या पुढे चालत राहतात. ज्यांच्या चुका सारख्या, ते जवळचे. ज्यांच्या फार वेगळ्या, ते फार पूर्वी फुटून निघालेले."

वैजनाथ म्हणाले, "म्हणजे आमटीची गरज नाही."

"नाही. मासा स्वतःच सांगेल."

सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा चेहरा असा उजळलेला मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी जिन्याखालून तेवीस बाटल्या आणल्या, ओळीनं मांडल्या. वरदनं प्रत्येकातून तांदळाएवढा तुकडा कापून नेला. वैजनाथ रोज माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवायची: अजून नाही आलं काही.

दीड महिन्यानं वरदचा फोन आला. तेविसांपैकी एकाही माशाचं अक्षर वाचता आलं नव्हतं. फॉर्मालिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात, ते एकमेकांना चिकटतात, शाई सांडलेल्या वहीसारखं सगळं होऊन जातं. "मॅडम, स्पिरिटमध्ये असते ना, तर आरामात निघालं असतं," तो म्हणाला. मी हं म्हटलं आणि फोन ठेवला.

आता एकच वाट उरली, जिवंत कडवा मळ्या शोधायचा. दोन वर्षं वैजनाथांनी सुट्टीचा एक दिवस घरी काढला नाही. ओंकारेश्वराखाली तर नदी कसली, गटारच. तिथे जाळ्यात चिलापी, तो बाहेरून आलेला घुसखोर मासा, आणि प्लास्टिकच्या पिशव्या. विठ्ठलवाडीला चिलापी. खडकवासल्याच्या खाली चिलापी. मग एसटीनं वर, पार मुठा खोऱ्यात, टेमघरच्या ओढ्यांत. तिथे मळ्या सापडले! तीन वेळा सापडले. प्रत्येक वेळी ते अर्धे मासे वरदसाठी स्पिरिटमध्ये घालायचे आणि, म्हाताऱ्या अंगठ्यावर आता भरवसा नव्हता म्हणून, उरलेल्यांची तिथेच तीन दगडांवर आमटी करायचे. एकदा मीही गेले होते. त्यांनी वाटीभर आमटी तोंडात घेतली, डोळे मिटले. मी विचारलं, "कशी आहे?"

"गोड," ते म्हणाले आणि वाटी खाली ठेवली.

वरदचे निकालही तेच म्हणाले. साधा मळ्या, तिन्ही वेळा. गुडघ्याएवढ्या गार पाण्यात तासन्‌तास उभं राहून वैजनाथांचे पाय कायमचे सुजले. जो मासा त्यांच्या घराच्या पायऱ्यांशी मिळायचा, तो आता कुठेच नव्हता. शहर वाढलं, पाणी मेलं, मासा संपला, आणि तो कधी होता हेच सिद्ध करता येईना. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथे तर बैल होता की नव्हता इथपासून वाद.

दोन हजार दहाच्या डिसेंबरात वरद शेवटचा आला. त्याचा शोधनिबंध पूर्ण झाला होता. स्टाफरूममध्ये प्राचार्य होते, मी होते, वैजनाथ दाराशी. वरदनं टेबलावर वंशावळीचा कागद पसरला. कोयनेचे मासे, भीमेचे, गोदावरीचे, फांद्या-फांद्या. वैजनाथ जवळ आले, बोटानं एकेक फांदी चाचपत गेले. "ह्यात आपला कुठाय?"

"नाही घेता आला, वैजनाथ. पुरावा नाही," वरद म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून तो चिडलेला होता. त्यानं जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो बाहेर काढले. "मला एक कळत नाही. या चिठ्ठ्यांवर स्पष्ट लिहिलंय, स्पिरिट. म्हणजे सुरुवातीला मासे योग्य ठेवले होते. मग फॉर्मालिनमध्ये कुणी घातले? आणि का? मला निबंधात कारण द्यायला लागेल."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण वही माझ्याकडे असायची हे त्यांना ठाऊक होतं. मी चष्मा काढून पदरानं पुसायला लागले. काय सांगणार होते मी? कारण सांगायचं तर पूर्ण सांगावं लागलं असतं: मला वाटलं हा माणूस पितो. आणि ते त्याच्यासमोर. आयुष्यभर वर्गात, घरात, पेठेत कुणाचीही भीड न ठेवता बोललेली बाई मी. काच पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले.

"मी घातले," वैजनाथ म्हणाले.

"तुम्ही?"

"हो साहेब. माझ्याच हातानं बदलले."

"कुणाला विचारून?"

"नाही विचारलं कुणाला."

वरदचा तोल गेला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? तुमचाच पुरावा होता तो! एक अख्खी प्रजाती असेल कदाचित, आणि तुम्ही, तुम्हीच..." त्यानं कागद गुंडाळले. प्राचार्य म्हणाले, "जाऊ द्या हो, अडाणी माणसं." वैजनाथ जाऊन आपल्या स्टुलावर बसले. निबंधात एक ओळ आली: अप्रशिक्षित कर्मचाऱ्यानं परस्पर द्रावण बदलल्यामुळे मुठेतील नमुने निरुपयोगी ठरले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही छापील.

पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. समारंभात नारळ दिला, मी दोन शब्द बोलले, फार छान बोलले असं लोक म्हणाले. पावसाळाभर मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी बसनं मांजरीला गेले. तिथे नव्या इमारतीत ते मुलीकडे, नम्रताकडे राहायला गेले होते. ती खराडीच्या कंपनीत कामाला, घरात ते एकटेच. सुजलेले पाय पाटावर ठेवून बसले होते. "या मॅडम," म्हणाले, उठायला लागले. मी बसवलं.

मी सगळं सांगितलं. वही, दोन लिटर, मला काय वाटलं होतं, झाकणं, सगळं. रडले. "माफ करा," म्हटलं. "मी वरदला पत्र लिहिते, दुरुस्ती छापायला लावते."

"काय लिहिणार?" ते म्हणाले. "मासा येणारे का त्यानं?"

"निदान तुमचं नाव तरी—"

"तुम्ही मला पिणारा समजलात, ते मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम. त्याचं नाही मला काही. शिपायाला लोक समजतातच." त्यांनी पाय पाटावरून हळूच खाली घेतले. "वरदसाहेबांनी विचारलं ना त्या दिवशी, तेव्हा मी लगेच नाही बोललो. बराच वेळ थांबलो. म्हटलं, मॅडम बोलतील."