खालच्या डेकवरचे भाऊबंद

जहाजावरच्या खोलीचं दार ढकलून चिमाजी आत आला, तेव्हा भगवंत दोरीवर मोजे वाळत घालत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्या तोंडून एकच शिवी बाहेर पडली. मागे उभा असलेला लॉन्ड्रीचा मुकादम, फिलिपिनो रामोन, भलताच खूश झाला. एकाच गावची, एकाच आडनावाची माणसं, म्हणून तर त्यानं त्यांना मुद्दाम एका खोलीत टाकलं होतं.

दोघे अवसरी खुर्दचे, भोरांच्या भावकीतले. दोन्ही घरांची विहीर सामाईक. एका उन्हाळ्यात भगवंतच्या घरची पाण्याची पाळी असताना चिमाजीच्या बापानं मोटारीचा स्टार्टरच काढून नेला. कांदा उभ्या उभ्या करपला. जाब विचारायला गेला भगवंतचा थोरला भाऊ गेणू. चिमाजीनं त्याच्या उजव्या कोपरावर फावड्याचा दांडा घातला. मोडलेलं कोपर पुन्हा नीट बसलंच नाही. गेणू डाव्या हातानं जेवायला लागला. कोर्टकचेरी झाली, साक्षीदार फुटले, चिमाजी सुटला. त्या दिवसापासून दोन्ही घरं एकमेकांच्या मयतालाही गेली नाहीत.

भगवंतनं पुढं नारायणगावात कपडे धुवून इस्त्री करून द्यायचं दुकान काढलं. तिथंच एका गिऱ्हाइकाकडून मुंबईच्या एजंटची ओळख झाली आणि तो इंग्लंडहून सुटणाऱ्या एका प्रवासी जहाजावर लॉन्ड्रीत लागला. चिमाजी पुण्यात हॉटेलात हेच काम करायचा. तोही त्याच एजंटच्या हाताला लागेल आणि त्याच जहाजावर येईल, असं स्वप्नातही कुणाला वाटलं नसतं.

"मला दुसरी खोली द्या," भगवंत रामोनला म्हणाला.

"रिकामी नाही. आणि तुमचं भांडण असलं तर ते तुमच्या गावात ठेवा," रामोननं तिथंच विषय मिटवला.

मग सुरू झाला अबोला. झोपायची बाकडी एकावर एक; वरच्या बाकड्यावर भगवंत, खालच्यावर चिमाजी. खोलीला खिडकी नाही. एकाच्या श्वासाचा आवाज दुसऱ्याला ऐकू यायचा. चिमाजी मुद्दाम भगवंतच्या टॉवेलला तोंड पुसायचा. भगवंत त्याचे बूट पायानं बाथरूमच्या ओल्यात सरकवायचा. चिमाजीनं गावाकडून आणलेल्या लसणाच्या चटणीची बरणी उघडली की भगवंतच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि त्या पाण्याचाही त्याला राग यायचा.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात जहाज स्पेनकडे निघालं आणि बिस्केच्या उपसागरात वादळानं त्याला गाठलं. सकाळी भगवंत उठला तो बाकड्यावरून खाली आपटूनच. वरच्या मजल्यांवर जिन्याच्या कठड्यांना ओकारीच्या कागदी पिशव्या अडकवल्या होत्या. लिफ्ट बंद केल्या होत्या. म्हातारे गोरे प्रवासी खोल्यांमध्ये आडवे पडले होते आणि त्यांच्या घाण झालेल्या चादरी, टॉवेल खाली लॉन्ड्रीत येऊन पडत होते. ढीग उपसावा तेवढा वाढत होता.

लॉन्ड्री अगदी तळाला. समुद्र दिसत नाही, नुसता बाहेरून पत्र्यावर धडका देताना ऐकू येतो. जहाज एका अंगाला कलायचं, तसंच थबकायचं, आणि पोटातलं सगळं तोंडाशी आणून दुसऱ्या अंगाला पडायचं. लॉन्ड्रीतले बाकीचे दोघे जण आधीच आजारी पडून गेले होते. रामोन वर माणसं मागायला गेला. राहिले हे दोघेच.

"ट्रॉल्या बांध," चिमाजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"मला सांगू नको."

"मंग मर."

ओल्या चादरींनी भरलेली मोठी लोखंडी ट्रॉली खांबाला पट्ट्यानं बांधलेली होती. मोठी लाट आली, जहाज उभंच राहिलं म्हणा ना, आणि पट्टा तुटला. ट्रॉली उतारावरून सुटली ती थेट चिमाजीवर. इस्त्रीच्या रोलर मशीनच्या आणि ट्रॉलीच्या मधे त्याची छाती सापडली. पाठीमागचं मशीन तापलेलं. त्याच्या सदऱ्यातून करपल्याचा वास आला.

"भगवंता!" तो ओरडला. "लवकर ये रं!"

भगवंत जागचा हलला नाही. चिमाजीचं तोंड आधी लाल झालं, मग काळं पडायला लागलं. भगवंतच्या मनात ना गेणू आला, ना विहीर. हे असंच चालू द्यावं, एवढंच वाटलं, आणि वाटलं ते गोड वाटलं. आपल्याला हे गोड वाटतंय हे कळलं तेव्हा तो दचकून पुढं झाला. जहाज परत कलताना ट्रॉली जराशी मागं आली. त्यानं खांदा घातला, ओल्या चादरींचा बोळा चाकाखाली कोंबला, मशीनचं लाल बटण दाबलं आणि चिमाजीला बगलेत धरून ओढलं.

जमिनीवर पडल्या पडल्या, श्वास पुरत नसताना, चिमाजी म्हणाला, "बघत उबा व्हतास तू."

"व्हतो."

"हरामखोर."

"गप पड. बरगड्या मोडल्यात तुज्या."

पुढच्या बंदरात चिमाजीला उतरवून दवाखान्यात नेलं आणि तिथून घरी पाठवलं. रामोननं भगवंतला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. भगवंतनं मान खाली घातली, आणि लोकांना तो त्याचा साधेपणा वाटला.

अवसरीत मात्र गोष्ट चिमाजीच्या तोंडून पोचली. काही आठवड्यांनी एका बंदरावरून भगवंतनं घरी फोन लावला. फोन गेणूनं उचलला.

"चिमा सांगतोय ते खरं का? तू नुसता बघत व्हतास?"

"खरं हाय, दादा."

भगवंतला वाटलं, भाऊ आता लाज काढणार.

"मंग सोडवला कशाला?" गेणू म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

कॉन्ट्रॅक्ट संपवून भगवंत गावी आला तेव्हा चिमाजीच्या घरच्यांनी त्याला खुनी म्हटलं आणि गेणूनं त्याच्यासमोरचं ताट सरकवून दिलं. "माज्या हाताकडं बग," एवढंच तो म्हणाला. आई, ठमाबाई, दोघांच्या मधे बसून राहिली. तिलाही कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. आठवड्याच्या आत भगवंतनं बिऱ्हाड नारायणगावला हलवलं.

चिमाजी एकदा मंचरच्या एसटी स्टँडवर भेटला. छातीला पट्टा, चालताना एका अंगाला झुकलेला.

"उपकार मानायचा न्हाई मी," तो म्हणाला.

"मागितलाय कुणी?"

"मधी येऊन वाचवलंस म्हून माज्या डोक्यावर बसशील, ते जमणार न्हाई."

"तू सरक बाजूला, माजी गाडी लागली."

भगवंत आणखी काही वर्षं जहाजावर गेला, नव्या खोलीत, नव्या माणसांसोबत. वादळं पुष्कळ पाहिली. विहिरीचा वाद अजून कोर्टात आहे, आणि गेणू अजून भावाशी बोलत नाही.