गच्चीवरची अंबाडी

रियाधमध्ये, अल मलाझ भागात, मी आणि माझा एक गाववाला सहा वर्षं एकाच खोलीत राहिलो. खोली माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, घेतलेली होती. वडील गेले तेव्हा मला गावी जाता आलं नाही. त्या वेळी तो दोन दिवस ड्युटी सोडून माझ्याजवळ बसून होता.

गेल्या वर्षी सुट्टीवर जाताना त्याने मला गच्चीवर टाकीमागे ठेवलेल्या कुंड्या दाखवल्या. म्हणाला, "अंबाडी लावलीय. रोज पाणी घाल." काही दिवसांनी त्याचा फोन आला. "बारीक गोंडे लटकलेली झाडं उपटून टाक. ती नर आहेत. राहिली तर बाकीच्यांना बी धरेल."

मी तीन झाडं उपटली. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बायकोला कौतुकाने बाकीची दाखवली आणि नर झाडं उपटल्याचं सांगितलं.

"अंबाडीत कुठे नर-मादी असते?" ती म्हणाली. "पान चावून बघा, आंबट लागतं का?"

पान कडू लागलं, बोटं चिकट झाली आणि त्यांना चिलमीचा उग्र वास आला. तो गांजा होता.

मी त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर पाणी घातलं असतंस?"

"आणि पोलीस आले असते तर?"

"खोली तुझ्या इकाम्यावर आहे ना."

मी सगळी झाडं चिरून संडासात टाकली आणि आठवड्यात खोली सोडली. सुट्टीहून परतल्यावर तो बांधकामाच्या साइटवर समोर आला. त्याने नेहमीसारखं विचारलं, "जेवलास?" मी हेल्मेट घालून पुढे निघून गेलो. त्या दुपारी डबा घेऊन मी एकटाच दूर जाऊन बसलो.