लाल्याच्या खुंट्यावरचा मास्क

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. हायस्कूलला विज्ञान शिकवते. लिंबातून रक्त काढणाऱ्या बाबांची युक्ती दरवर्षी मुलांना करून दाखवते — सुरीला चोळलेलं जास्वंदीचं फूल, दुसरं काही नाही. तरी जे लिहितेय ते माझ्या घरात, भरदिवसा, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि खरं सांगू? मला भीती नाही वाटली. बरं वाटलं.

आमचं घर केदारखेड्याला, भोकरदन तालुक्यात. ओसरी, ओसरीला लागून सासऱ्यांची खोली, अंगणापलीकडे गोठा. गोठा आता नावालाच. तिथे खताच्या गोण्या आणि आमच्या ह्यांची मोटारसायकल असते. शेवटचं जनावर म्हणजे लाल्या. त्याचा खुंटा आणि पाण्याचा छोटा हौद तेवढा तसाच राहिलाय.

लाल्या माझ्या माहेरचा. वडील अंकुशनगरच्या साखर कारखान्याला उसाची बैलगाडी हाकायचे, माझ्या लग्नात त्यांनी हा गोऱ्हा दिला. त्याच लग्नात एक घोळ झाला. पहिला फेटा माझ्या सासऱ्यांऐवजी त्यांच्या चुलतभावाला बांधला गेला. मामा — सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो — तो अपमान कधी विसरले नाहीत. व्याह्याचं काही वाकडं करता येईना, मग राग बैलावर.

कोळपणीला बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून त्यांना दोरीचं मुसकं बांधतात आणि काम संपलं की काढतात. मामा लाल्याचं काढायचेच नाहीत. "लई खादाड हाये, हिच्या बापासारखं," असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे.

एका उन्हाळ्यात मी माहेरी होते, हे कामाला जालन्यात. परत आलो तर लाल्या गोठ्यात मरून पडलेला. तोंडाला मुसकं. दावं इतकं आखूड की मान हौदापर्यंत पोचत नव्हती. आणि हौद काठोकाठ भरलेला!

"इसरलो," मामा म्हणाले. हौद भरायला बरे विसरले नाहीत! तेव्हापासून मी त्यांना वाढलं, त्यांची औषधं सांभाळली, पण माफ केलं नाही. आजही नाही.

गेल्या वर्षी मामांचं घोरता घोरता मध्येच थांबायला लागलं. झोपेत श्वासच बंद व्हायचा. जालन्याच्या डॉक्टरांनी सीपॅप मशीन दिलं. नाकातोंडावर मास्क, डोक्यामागून पट्टे, आणि नळीतून रात्रभर हवा. मास्क निघत राहिला तर हार्टवर येईल, असंही बजावलं. पहिल्या रात्री ते पट्टे आवळताना मला मुसकंच आठवलं. हसू आलं... लपवत नाही.

सकाळी मास्क मामांच्या तोंडावर नव्हता. मशीन नुसतंच हवा फुंकत होतं. मास्क सापडला गोठ्यात, लाल्याच्या खुंट्याला अडकवलेला, पट्टे लाळेनं चिकट. मग रोजचंच झालं ते. मामांचा चेहरा सुजला, बसल्या जागी पेंगायला लागले. आणि बोट दाखवलं माझ्याकडे.

"हीच काढून राह्यली! त्या बैलापायी जीव घ्यायचाय हिला माझा!"

ह्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. ते बघणंच मला जास्त झोंबलं. म्हणून रविवारी दुपारी मी ह्यांना ओसरीत मामांच्या उघड्या दारासमोर बसवलं. म्हटलं, आता बघा कोण काढतं ते. मामा मास्क लावून झोपले. मी सुपात तूर घेऊन पाखडत बसले.

थोड्या वेळानं मामांचा जबडा हलायला लागला. डावीकडून उजवीकडे, सावकाश, रवंथ केल्यासारखा. ह्यांनी माझं मनगट धरलं. मी सूप खाली ठेवून मान वर केली तेवढ्यात मास्क नव्हता; एकटक बघत असलेल्या ह्यांनाही तो निघताना दिसला नाही. नळी लोंबत होती. दारातून कुणी आलं नाही, गेलं नाही, आणि त्या खोलीला दुसरी वाट नाही. आम्ही गोठ्यात धावलो. मास्क खुंट्यावर होता, पट्टे अजून हलत होते.

मागून मामा काठी टेकत आले. खुंट्याकडे बघितलं आणि गोणीवर बसलेच.

"ते तोंडाला लावलं की घसा कोरडा पडतो," म्हणाले. "समोर पाणी दिसून राह्यतं, काठोकाठ... अन् मान पोचत न्हाई." मग खालच्या आवाजात, "सूनबाई, तेवढा हौद भर."

"मी का भरू, मामा? तुम्हाला येतो की भरता."

भरला त्यांनी. एकेक बादली नेऊन. त्या रात्री मास्क जागचा हलला नाही. सकाळी हौद मात्र कोरडा. तळाला चीर असेल म्हणून ह्यांनी सिमेंट लावलं, वर पत्रा झाकला. तरी रोज सकाळी कोरडाच. एकदा पाहुण्यांच्या गडबडीत मामांचं भरायचं राहिलं, तर मास्क परत खुंट्यावर.

डॉक्टर म्हणतात, पेशंट झोपेत चालत असेल. मग त्या दुपारी आम्ही दोघं काय आंधळे होतो? उत्तर येत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा, असं मी वर्गात मुलांना सांगते. तेच इथे लिहिते. माहीत नाही.

आता मामांचे गुडघे गेलेत. काल संध्याकाळी बादलीकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आजच्या रोज तू वत, माय. तुझ्या हातचं तर तो आनंदानं पिईल."

पिईलही. माझ्याच मागोमाग या घरात आला होता तो. मी बादली भरली, त्यांच्या काठीशेजारी ठेवली आणि स्वयंपाकाला लागले. माझ्या हातचं पाणी लाल्याला चालतं का, हे मी अजून करून बघितलेलं नाही. बघणारही नाही.