वेवजीत झाकून राहिलेलं जेवण

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. वेवजीच्या पाड्यावर, गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, ऊन डोक्यावर असताना. करणारे मुंबईहून आलेले शिकलेसवरलेले, हसतमुख लोक होते, आणि आपण काही केलंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, एवढंच? जेवायला सांगून आले नाहीत, एवढंच? हो, एवढंच. म्हणूनच लिहिते आहे.

मी तलासरीत राहते, पत्रकं लिहिते, वाटते, रस्त्यासाठी आणि नळासाठी भांडते. त्यामुळे शहरातल्या बऱ्याच जणांकडे माझा नंबर आहे. थंडी पडली की तो नंबर त्यांना आठवतो. रस्त्यासाठी नाही, नळासाठी तर नाहीच. "अगं, आम्ही डहाणूला येतोय, जेवायला कुठे जायचं? चांगलं सांग हं, ऑथेंटिक."

ऑथेंटिक! ही माणसं येतात, किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसतात, चिकूच्या वाड्या बघतात, मग इकडे आमच्या टेकड्या चढतात. ओढ्यात पाय सोडतात. आमच्या चित्रं काढलेल्या भिंतींपुढे उभं राहून फोटो काढतात, घरातल्या बाईला "जरा बाजूला व्हा" म्हणतात. आणि भूक लागली की गाडीत बसून हायवेला जातात आणि पनीर खातात. दिवसभर ज्या माणसांच्या गावात फिरले त्यांच्या घरात काय शिजतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच येत नाही. मोबाइलवर "डहाणूत कुठे खावं" म्हणून ढीगभर याद्या आहेत. समुद्राकडे तोंड केलेली हॉटेलं आहेत, गुजराती थाळी आहे, चिकूचं आइस्क्रीम आहे. पाडा एकाही यादीत नाही.

म्हणून मी म्हटलं, आत्याकडे पाठवू.

आत्या उधव्याची, लग्न होऊन वेवजीला आली. तेव्हापासून चिकूच्या वाडीत तोडणीला जाते. आता तिचा उजवा खांदा वर जात नाही. केस विंचरायला सून लागते. पण तिच्या हाताला चव अशी आहे की पाड्यात कुणाकडे कार्य असलं तर हंडीजवळ तिलाच बसवतात. माझा हिशोब साधा होता. थंडीभर रविवारी जेवायला माणसं आली, तर आत्याला वाडीत जायला नको. खांदा वाचेल. मी तिला हे पटवायला किती फेऱ्या मारल्या, ते माझ्या स्कूटीला विचारा.

शेवटी ती म्हणाली, "बोलाव. पण माझ्या घरची रीत राहील."

"राहू दे की," मी म्हटलं. रीत मला माहीत होती. त्या रविवारपर्यंत ती मला गोड वाटायची.

एका ग्रुपने पक्कं सांगितलं. सकाळी टेकडी, दुपारी आत्याकडे जेवण, संध्याकाळी समुद्र. शनिवारी मी आत्याला स्कूटीवर मागे बसवून धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यात नेलं, सुकट आणि सुके बोंबील आणायला. ओळखीची कोळीण टोपलीमागून ओरडली, "काय गो, घरात लगीन काढलंस की काय?"

"मुंबईचे पाव्हणे हायेत."

"मग सुकट नको नेऊ. वासाने पळतील बघ."

"पळू दे. आधी चाखतील तरी."

दोघी इतक्या हसल्या की बाजूची गिऱ्हाइकंही हसली. आत्याला असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. परतताना पूर्ण रस्ता ती माझ्या पाठीमागून बोलत होती: उडदाचं वरण जाड ठेवायचं की पातळ, शहरातल्यांना तिखट किती चालतं, पानं पळसाची लावू की थाळ्या काढू. "पानंच," मी म्हटलं. "थाळ्या त्यांच्याकडे आहेत."

रविवारी उजाडायच्या आधी अंगण सारवून झालं होतं. घरचा मोठा कोंबडा गेला. वहिनीने, म्हणजे आत्याच्या सुनेने, तांदळाच्या भाकरी थापल्या. वरण झालं, सुकटीची चटणी झाली, रस्सा हंडीत उतरला. आत्याने हंडीवर झाकण ठेवलं आणि झाकणावर निखारा. मग आम्ही अंगणात बसलो आणि रस्त्याकडे बघायला लागलो.

आता रीत सांगते. आमच्याकडे पाहुण्याने जेवण सांगितलं की ते अन्न त्याचं होतं. तो जेवेपर्यंत घरातलं कुणी त्या हंडीला हात लावत नाही. ते दुसऱ्याला वाढत नाहीत, विकायचं तर नावच नको. पाहुणा आला नाही, तर त्याने निरोप पाठवायचा असतो: येत नाही, तुम्ही जेवा. पाड्यापाड्यांत कुणी ना कुणी चालत जाणारा असतोच, निरोप पोचतो. मग झाकण निघतं. निरोप नाही, तर झाकण नाही.

मुंबईहून वेवजीला चालत जाणारा कुणी नव्हता. आणि आत्याच्या अंगणात मोबाइलला रेंज नाही.

रेंजसाठी मागच्या टेकाडावर चढावं लागतं. मी चढले, फोन हवेत धरला, उतरले. पुन्हा चढले. फोन लावला तर वाजत राहायचा. मेसेज टाकला, त्याला उत्तर नाही. ऊन कलायला लागलं. उंबरगावकडून सायकलवर दोघं आले, घामाने निथळत होते, वासावर थांबले असणार. "मावशी, काही खायला मिळेल का?" आत्याने त्यांना पाणी दिलं, काकडी चिरून दिली, बसायला सावली दिली. हंडीकडे बघून एक जण म्हणाला, "हे काय आहे?"

"हे दुसऱ्याचं हाय."

तो बिचारा अंगणभर बघत राहिला, दुसरा कुठाय म्हणून.

ते गेल्यावर माझा तोल गेला. "आत्या, ते येणार नाहीत. उघड."

"तुला कोनी सांगितलं?"

"कुणी नाही. पण कळतंय ना!"

"कोनी सांगितलं नाय. मंग?"

मी अधिकाऱ्यांशी भांडते, टेबलावर हात आपटते, पण त्या "मंग?"पुढे नुसती अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. वहिनीचं बाळ अंगावर पितं. मी म्हटलं, तिला तरी वाढ. आत्याने रात्रीचा भात होता तो वहिनीला दिला, वर मीठ-मिरची. ताज्याला हात लावला नाही. काका, म्हणजे आत्याचे यजमान, भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "देव बरा. सणाला बोलावला की सणालाच येतो. हे मुंबईवाले देवापेक्षा मोठे."

"गप ऱ्हावा," आत्या म्हणाली. ती अजून रस्त्याकडेच बघत होती.

मी स्कूटी काढली.

तलासरीच्या नाक्यापर्यंत हायवेवरचं एक हॉटेल सोडलं नाही. काठियावाडी, पंजाबी, शुद्ध शाकाहारी, प्रत्येक ठिकाणी आत डोकं घालून बघितलं. पार्किंगमध्ये मुंबई पासिंगच्या गाड्यांच्या काचांतून वाकून पाहिलं. एका वॉचमनने हटकलं. नाक्यावर फोन थरथरला, सगळे अडकलेले मेसेज आत आले. ग्रुपच्या पुढाऱ्याचा एकही नव्हता. पण त्याचं स्टेटस होतं. मागे समुद्र, पुढे तळलेलं पापलेट, खाली लिहिलेलं: डहाणू व्हाइब्स.

तिथून डहाणू काही जवळ नाही. मी कशी गेले ते आठवत नाही. वाटेत रेल्वेचं फाटक पडलं होतं तेव्हा मी रांगेत उभी राहून आपल्याच हेल्मेटमध्ये शिव्या देत होते, एवढं आठवतं.

किनाऱ्यावरच्या तिसऱ्या हॉटेलात ते सापडले. लांब टेबलाला बसले होते, अर्धे जेवून झाले होते. पुढारी उठून उभा राहिला. "अरे! तू इथे कशी? ये ना, बस. काय घेणार?"

"माझी आत्या वाट बघतेय."

"अगं हो, सॉरी यार. मी मेसेज टाकणारच होतो. सकाळी निघायला उशीर झाला, टेकडी कॅन्सल केली, मग सगळे म्हणाले डायरेक्ट बीच. तसंही ते टेंटेटिव्ह होतं ना?"

"पक्कं म्हणाला होतास. मी दोनदा विचारलं होतं."

"बरं, चिल. किती झाले सांग, आत्ता पाठवतो."

"पैसे तर तू देणारच आहेस. पण मला आधी दुसरं पाहिजे. मी फोन धरते, तू त्यात बोल: आम्ही येत नाही, तुम्ही जेवा. बस."

टेबल हसलं. "शपथविधी आहे का?" कुणी तरी म्हणालं. "रील बनवतेय ती!" पुढाऱ्याचा चेहरा मात्र उतरला. "हे तू कुठे टाकणार नाहीस ना? तुमचं ते आंदोलन वगैरे... माझं ऑफिस बघतं हे सगळं."

मी रीत सांगितली. उभ्या उभ्या, हॉटेलातले सगळे ऐकतील अशा आवाजात. मला हळू बोलता येत नाही. सांगून झालं तरी तो म्हणत होता, "पण असं कसं? उघडायचं आणि खायचं ना. सिंपल आहे."

टेबलाच्या टोकाला एक बाई होत्या, वयाने बाकीच्यांपेक्षा मोठ्या. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे तिथे अजून कुणी जेवलं नाही?"

"नाही."

"सकाळपासून?"

"सकाळपासून."

त्यांनी हात धुतले, माझा फोन घेतला आणि बाहेर वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. "ताई, नमस्कार करते. आम्ही तुमच्याकडे जेवण सांगितलं आणि आलो नाही. आमची चूक झाली. आता आम्ही येत नाही. तुम्ही सगळी जेवा." फोन परत देऊन त्या लगेच आत गेल्या. बरं झालं. मी काय बोलले असते देव जाणे.

वेवजीला पोचले तेव्हा कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. अंगणात तिघंही तिथेच होती, बाळ झोपलं होतं. मी फोन आत्याच्या कानाशी धरला. तिने ऐकलं. म्हणाली, "परत लाव." परत ऐकलं.

"ती जेवली काय?"

"जेवली."

"काय जेवली?"

"पापलेट."

"हं," आत्या म्हणाली, आणि झाकण काढलं.

"चला," काका उठले, "मुंबईने परवानगी दिली."

रश्श्यावर तुपासारखा थर धरला होता. भाकरी चिवट झाल्या होत्या. आम्ही पळसाच्या पानांवर जेवलो, पाहुण्यांसाठी लावलेल्या. चव होती, सगळी होती, आणि मी नुसती भाकरी मोडत बसले. आत्याने शेवटी स्वतःला वाढून घेतलं आणि डाव्या हाताने उजवा खांदा दाबत म्हणाली, "उद्या मी वाडीत जाते. तुझ्या मानसांना सांग, इथं चूल नाय."

मी लगेच सुरू झाले. आगाऊ पैसे घेऊ, नियम लावू, नाही आले तर पैसे परत नाहीत.

"पैसं दिलं म्हंजे येतील?"

"नाही आले तर पैसे तरी राहतील!"

"पैसं ऱ्हातील नि हंडी झाकलेली ऱ्हाईल. मंग मी काय पैसं खाऊ?"

दुसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून रोज जाते. संध्याकाळी वहिनी तिचा खांदा शेकते. पुढाऱ्याने पैसे पाठवले, सोबत हात जोडलेलं चित्र. पैसे मी आत्याला दिले, चित्र दाखवलं नाही.

तुम्ही म्हणाल, रीतच बदला. मलाही त्या दिवशी तेच वाटलं होतं, टेकाडावर चढताना, फाटकापाशी, पाऱ्यासारखी सैरभैर असताना. आता वाटत नाही. सांगितलेलं अन्न सांगणाऱ्याचं, यात चुकीचं काय आहे? आत्याने शब्द पाळला, उपाशी राहून पाळला. ज्यांनी मोडला त्यांना कुणी बदला म्हणत नाही. त्यांचा फक्त प्लॅन बदलतो. हे मला सहन होत नाही आणि मी ते सहन करणारही नाही.

गेल्या आठवड्यात मी परत गेले. भांडले, विनवण्या केल्या, काकांना मध्ये घातलं. शेवटी आत्या म्हणाली, "एकदा. आले तर पुढचं बघू. नाय आले तर माझ्याकडं पुन्हा हा विषय काढू नको." काका म्हणाले, "या वेळी कोंबडी काप, कोंबडा एकच होता." ती हसली नाही, पण तिने चुलीजवळची राख काढली, एवढं मी बघितलं.

आता तुमचं. तुम्ही या थंडीत डहाणूला येणार आहात, मला माहीत आहे. किनारा बघाल, टेकडी चढाल. येत्या रविवारी गाडी हायवेला वळवू नका, वेवजीला वळवा, आणि जमिनीवर बसून, पानावर, आमच्या आत्याच्या हातचं जेवा. येणार असाल तर शनिवारीच सांगा आणि या. येणार नसाल तर तेही शनिवारीच सांगा, स्वतःच्या तोंडाने, चूल पेटायच्या आत. बघू, विचार करून कळवतो, असलं काही चालणार नाही. येताय की नाही?