पाणी कधी येणार ते तिला कळायचं

आमचं शेत चारीच्या टोकाला. भंडारदऱ्याचं पाणी अकोल्याच्या डोंगरातून निघतं, नदीतून पाटात येतं, पाटातून चारीत, आणि वरच्या सगळ्यांची तहान भागून उरलं तर आमच्याकडं. माझ्या खाली एकच शेत, एका म्हातारीचं. त्याच्यापुढं ओढा. आमची दोघांची पाळी एकच. पाणी आलं त्या घडीला खोरं घेऊन दारं धरायला माणूस उभा पाहिजे. वाफ्याचं तोंड फोडायचं, वाफा भरला की बुजवायचं, पुढचं फोडायचं. माणूस नसला तर पाणी सरळ ओढ्याला जातं आणि पाळी संपते.

चारीला पाणी सोडलं की पाटकरी मोबाईलवर कळवतो. सोडलं ते खरं. पोचणार कधी, ते त्यालाही सांगता येत नाही. सकाळी सोडलेलं कधी दुपारी येतं, कधी दुसऱ्या दिवशी. माझ्या बायकोला मात्र कळायचं. भाकरी थापता थापता अंगणात जायची, परत येऊन म्हणायची, "जेवून घ्या, पानी निघालंय." मी जेवून बांधावर जायचो आणि थोड्या वेळात पाण्याचं तोंड समोर. जन्मभर हेच. मी कधी विचारलं नाही. चौथी शिकलेला माणूस, पण बायकोला विचारायचं म्हणजे कमीपणा वाटायचा. खरं ते लिहितो.

ती दिवाळीच्या आधी गेली. नंतरच्या पहिल्या पाळीला मी दिवसभर बांधावर बसलो. भूक लागली म्हणून भाकरी करायला घरात गेलो. दोन झाल्या, त्यातली एक करपली. परत आलो तर चारी ओली आणि पाणी ओढ्यात. गहू तहानलेलाच राहिला. आता तो दाण्यात आला होता आणि दुसरी पाळी जवळ आली होती. ही पाळी चुकली असती तर दाण्याच्या जागी नुसता पापुद्रा. म्हटलं, तिला कळायचं कसं ते हुडकायचंच.

आधी बगळ्यांवर संशय घेतला. कोरड्या चारीत पाणी शिरलं की भेगांतले किडे बाहेर पळतात, आणि बगळे त्यांच्यासाठी पाण्याच्या पुढं पुढं चालतात. पण वर सगळा ऊस. उसाआडचे बगळे अंगणातून दिसतात कुठं? मग वाटलं, आवाज येत असेल. चारीत आडवा होऊन मातीला कान लावला. बांधावरून जाणारा एक जण थांबला. म्हणाला, "तात्या, बीपीची गोळी घेतली का आज?"

पाळीच्या दिवशी बसलोच नाही. मेसेज आला तसा काठी घेऊन चारीच्या कडेनं वर निघालो. म्हटलं, पाण्याला वाटेतच गाठू. मैलभरावर गाठ पडली. पाण्याच्या तोंडाला पाणी नसतंच, नुसता कचरा असतो. काटक्या, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल, फेस. मी एक काटकी रोवली, पाच पावलं खाली दुसरी रोवली आणि बघत बसलो. भेग आली की पाणी थांबायचं, भेग भरायची, मग पुढं. उंदराचं बीळ आलं तर तिथंच रेंगाळायचं. याचा हिशोब कुणालाच बसायचा नाही, एवढं कळलं.

"काय हुडकताय, दाजी?" वरून आवाज आला. चारीकडेच्या वस्तीवरची बाई स्लॅबवर उभी होती. माझ्या बायकोला ती आक्का म्हणायची.

"तुझ्या आक्काला पानी येनार ते कसं कळायचं, ते हुडकतोय."

ती हसली. "खरंच म्हाईत न्हाई?" तिनं टाकीकडं हात केला. उसाच्या वर निघालेल्या त्या टाकीवर एक लाल लुगडं पसरलेलं. "हे काय हाय?"

"धुनं."

"एकच लुगडं कोन धुतं वो? बाकीचं घर काय नागडं हिंडतंय?"

मग तिनं सांगितलं. पाणी आपल्या बांधावरून गेलं की बाईनं उंचावर एकच लुगडं टाकायचं. शेजारी दुसरा कपडा नको. खालच्या वस्तीवरची ते बघते आणि पाणी तिच्याकडं पोचलं की आपलं टाकते. सासवांनी सुनांना शिकवलेलं.

"आन् आमाला का न्हाई सांगितलं?"

"गडी पान्यावरनं डोकी फोडत्यात. खालच्याला निरोप गेला म्हनल्यावर आमचेच मालक भडकले आसते."

"फोन हाय की आता."

"तो तुमच्या खिशात आसतो न्हवं?" मग हळू म्हणाली, "गेल्या पाळीलाबी टाकलं हुतं मी. बघनारं कोन हुतं?"

तेव्हा एक आठवलं. एकदा माझ्या बायकोनं कडब्याच्या गंजीवर लुगडं टाकलेलं. मी शेजारी माझं ओलं धोतर पसरलं. तिनं ते ओढून माझ्या अंगावर फेकलं आणि दोन दिवस बोलली नाही. मला वाटलं, धोतर नीट धुतलं नव्हतं. म्हणजे आमच्या अंगणातूनही निरोप जात होता, त्या खालच्या म्हातारीला. गेल्या पाळीला तिचंही पाणी ओढ्याला गेलं, आणि मी चारचौघांत म्हणालो होतो, म्हातारी झोपली असंल.

"पळा आता," ती बाई म्हणाली. "पानी काय तुमच्यासाठी थांबत न्हाई."

पळालो, जमेल तसा. घरी येऊन बायकोची ट्रंक उघडली. ती गेल्यापासून हात लावला नव्हता. वरचंच हिरवं लुगडं घेतलं, गंजीवर टाकलं आणि खोरं घेऊन बांधावर गेलो. पाणी आलं. पहिला वाफा भरत असताना म्हातारी बांधानं आली, मोकळ्या हातानं.

"तात्या, लुगडं कुनाचं ते? या वयात दुसरी आनली का काय?"

"तिचंच हाय. पानी आलंय, दारं धर जा."

म्हातारी गव्हातल्या पाण्याकडं बघत राहिली. "सांगून गेली हुती व्हय तुला?"

"न्हाई. हुडकलं."

तेवढ्यात वारा सुटला आणि लुगडं गंजीवरून घसरून खाली आलं.

"कोरडंच टाकलं व्हय?" म्हातारी ओरडली. "ओलं टाकायचं आसतंय, जड ऱ्हातं. उचल लौकर. सून खोरं घिऊन दारात हुबी हाय. तिला म्हनलंय, मी बघून येते, खोटं आसंल तर लुगडं काढाया लावते. लुगडं दिसंना झालं तर ती यायची न्हाई."

मी लुगडं उचललं. कडुलिंबाच्या पाल्याचा वास होता, तिचाही होता. म्हातारीनं तोंड दुसरीकडं केलं. मी ते चारीत बुडवलं, पिळलं आणि गंजीवर टाकलं.