आक्काच्या फ्लास्कला हात लावू नका

दवाखान्यात शेवटची भेटले, तेव्हा आक्कानं ना स्वतःच्या लेकाची चौकशी केली, ना माझी. "दिवा चालू हाय का गं?" एवढंच. म्हटलं, "हाय, कालच बघून आले." "मग कुणाला घासू देऊ नको..." दुसऱ्या दिवशी ती गेली.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही काष्टीच्या, ती श्रीरामपूरला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. गुरू ग्रहाच्या ढगांना तो तांबूस रंग येतो कुठून, या एका प्रश्नानं तिला पछाडलं होतं. तिकडचे वायू फ्लास्कमध्ये कोंडायचे, सूर्याच्या जागी अतिनील दिवा लावायचा आणि काचेला आतून काय धरतंय ते महिनोन् महिने बघत बसायचं. आधी काहीच नाही, मग पिवळट, मग चहाच्या पातेल्याला बसतो तसला तांबूस थर. तो थर पुण्याला तपासायला जायचा होता.

आणि आली खंडेनवमी! विभागप्रमुखांचं फर्मान निघालं, पूजेला सगळी उपकरणं चकचकीत पाहिजेत. दिवा बंद, फ्लास्क उघडला, ब्रश घालून घासला, वर हळदकुंकू आणि झेंडूचा हार. आक्का रजेवरून आली, तर शिपाई कौतुकानं सांगतोय, "म्याडम, लई डाग हुते, एक ठिवला न्हाई!" त्या बिचाऱ्यावर काय चिडायचं? पण प्रमुख हसत म्हणाले, "अहो, पुन्हा होईल की!" पुन्हा? तोवर तिचं दुखणं उघडकीला आलं होतं. तरी पठ्ठीनं पुन्हा दिवा लावला.

शोकसभेला गेले. टेबलावर आक्काचा फोटो आणि शेजारी तोच फ्लास्क... हार घातलेला, लख्ख. दुसऱ्यांदा! "मॅडमची आठवण म्हणून स्वच्छ करून ठेवलाय," असं मला सांगून प्रमुख माइकवर तिच्या संशोधननिष्ठेबद्दल बोलू लागले. माझं डोकंच फिरलं. "अहो, तो थर म्हणजेच तिचं संशोधन होतं! दोनदा मोरीत ओतलंत तुम्ही!" हार काढून टेबलावर आपटला, फ्लास्क काखोटीला मारला आणि भिंगारला घरी आले. लोक काय म्हणाले असतील ते म्हणोत.

आता तो माझ्या खिडकीत आहे. मानेच्या वळणावर, ब्रश पोचला नाही तिथं, नखाएवढा तांबूस डाग राहिलाय. आक्काच्या एवढ्या वर्षांतलं तेवढंच उरलं. परवा कामाच्या मावशी साबण घेऊन सरसावल्या, तर मी अशी ओरडले की त्यांच्या हातातली घासणीच पडली.

यंदाच्या खंडेनवमीला त्या फ्लास्कची पूजा मी करणार आहे. न धुता.