मागचं पान

दुकानाची पाटी रंगवून झाल्यावर पेंटरनं आज ओट्यावर रॉकेलमध्ये ब्रश धुतले, आणि त्या वासानं मला परभणीच्या जुन्या छापखान्यात नेऊन उभं केलं.

सत्तरच्या दशकात तिथं एक वकीलसाहेब सरकारी धोरणांवर मासिक काढायचे. त्यात नफा कुणालाच नव्हता. कागदाचा खर्च मागच्या पानावरच्या माझ्या कापूस-अडतीच्या जाहिरातीतून निघायचा. एका महिन्यात त्यांनी लेख घेतला, की सगळा कापूस सरकारनंच खरेदी करावा. म्हणजे माझा धंदा बंद. मी छापखाना गाठला.

"वकीलसाहेब, माझ्याच कागदावर माझ्याच पोटावर पाय द्यायलाय तुमी?"

"लेख राहणार, शेठ. जाहिरातीचं काय ते तुमी सांगा."

"मग काढा ती," मी ओरडलो. मोंढ्याच्या बाजारात असं म्हटलं की समोरचा जरा खाली येतो.

वकीलसाहेबांनी जुळवलेल्या पानातून माझ्या जाहिरातीचा छापायचा ब्लॉक उचकटला, रॉकेलनं पुसला आणि रद्दीत गुंडाळून माझ्या हातात दिला.

"कोरं पान बी लय झाक दिसायलंय," छपाईचे खिळे जुळवणारा रहीम म्हणाला.

काही महिन्यांत मासिक बंद पडलं. खापर माझ्यावर फुटलं. इतकी वर्षं पोसलं, पण त्यांनी एका शब्दाची घासाघीस केली नाही, हे मला अजून सलतं.

आता दिवाळी अंकवाले जाहिरात घेतानाच विचारतात, "शेठ, काय छापू?" मी सांगतो, ते छापतात. अंक घरी येतात. उघडून बघावासा एकही वाटत नाही.